अठ्ठावन्न म्हटलं ना

भोकापेक्षा खिडकी मोठी असून चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना तर ते जन्मभर कळत होतं. लोकांची जुनी दारं-खिडक्या काढून नवी बसवणं हाच त्यांचा धंदा, आणि दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आमची खिडकी परत येत नाही.' तरीही त्या सकाळी गणिताच्या बाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, भिंतीतल्या मोकळ्या भोकासमोर काका, त्यांचे मिस्त्री आणि एक नवीकोरी खिडकी असे तिघं उभे होते, आणि तिघांत खिडकीच सगळ्यात मोठी दिसत होती.

"मालक," मिस्त्री हळूच म्हणाले, "रुंदीला चार इंच जास्त आहे."

मिस्त्री मोजून-मापून बोलणारा माणूस. दुकान उघडलं त्या दिवसापासून ते काकांकडे होते, पण त्यांचं सगळं बोलणं एकत्र केलं असतं तरी एका लग्नातल्या आत्याबाईंना पुरलं नसतं. त्यामुळे ते बोलले की काकांना धडकी भरायची.

"खिडकी जास्त नाही," काका म्हणाले. "भोक कमी आहे."

"दोन्ही एकच झालं," बाई म्हणाल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळा जन्म गणित शिकवलेलं, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"एक कसं होईल? भिंत आकसलीय."

"भिंत?"

"थंडीत आकसते."

"कपड्यासारखी?"

"कपड्याइतकी नाही," काका म्हणाले. "चार इंच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेखाली अख्ख्या गावातली मुलं पावकी-निमकी पाठ करून गेली होती. काकांनी टेप खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"कापून लहान करू," मिस्त्री म्हणाले. मोठी खिडकी कापून लहान करता येते, साधी काचही कापता येते. अर्ध्या दिवसाचं काम. पण कापायची म्हणजे खिडकी परत न्यायची. बाईंच्या जिन्यावरून, खालच्या पानवाल्यासमोरून, दुकानाच्या पाटीखालून आत. काका म्हणाले, "आमची खिडकी परत येत नाही."

एवढ्या अभिमानाला तसं कारण होतं. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. काकू होत्या तोवर एकही खिडकी खरोखरच परत आली नव्हती. त्या गेल्यावर मात्र एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघराची खिडकी एवढी लहान झाली, की बसवता बसवता ती हातातून निसटून भोकातून पलीकडे गेली आणि बागेत पडली. हे काकांच्या मुलाला कळलं. मुलगा दूर दुसऱ्या शहरात राहायचा. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आता पुरे. आणखी एक खिडकी चुकली तर शटर खाली ओढायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. कबूल?"

काका तावातावाने म्हणाले होते, "कबूल." चुकणार थोडीच होती?

मुलगा वाईट नव्हता, सून तर गुणाची. तिने काकांसाठी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. पण त्या खोलीत जाऊन काका काय करणार? खिडकीशी बसणार, आणि ती दुसऱ्या कोणीतरी बसवलेली. सकाळी उठून दुकानात जायचं, काकूंच्या रिकाम्या स्टुलावर टेप ठेवायचा आणि मिस्त्रींची चहासाठी वाट बघायची, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. तेवढं जाऊ नये म्हणून ते भिंत आकसवायलाही तयार होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नशीब बघा. मी भोक मोठं करून देतो. खिडकी मोठी, उजेड जास्त, आणि वरचे चार इंच माझ्याकडून भेट."

बाई हो म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाच माहीत. कदाचित भिंतीत भोक असताना वाद घालणं त्यांना शहाणपणाचं वाटलं नसेल.

मिस्त्रींनी छिन्नी लावली. पहिला ठोका पडला आणि सोसायटीतले सगळे जाणकार जागे झाले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर सर्वांत आधी वर आले. त्यांच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीवर विटेचा चुरा पडला होता. पण ते चादरीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ओव्हरसियरचं मन मोठं असतं. ते भिंतीवर बोट वाजवून म्हणाले, "ही भिंत भार घेतेय."

"कुणाचा भार?" वरच्या मजल्यावरच्या आजींनी दारातून विचारलं. त्या भाजी आणायला निघाल्या होत्या.

"वरच्या मजल्याचा."

"म्हणजे माझा?"

"तसा तुमचाच."

आजी काही वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सावकाश चालत जाईन," आणि खाली गेल्या. इतर जाणकारांचंही म्हणणं होतंच. एकाच्या मते खिडकी आडवी न बसवता उभी बसवावी. दुसऱ्याच्या साडूने अशीच भिंत फोडली होती, तो आता भाड्याच्या घरात राहतो. तिसरा फक्त बघायला आला होता, पण खुर्ची मागून घेऊन बसला.

एवढ्या लोकांसमोर मिस्त्रींनी दुसरा ठोका घातला. भिंतीत विजेची नळी होती. बारीकसा आवाज झाला आणि अख्ख्या जिन्याचे दिवे गेले. लिफ्टही गेली. भाजी घेऊन परतणाऱ्या आजी लिफ्टमध्ये होत्या. वायरमन येईपर्यंत ओव्हरसियर लिफ्टच्या जाळीशी तोंड नेऊन त्यांना धीर देत होते, "घाबरू नका, लिफ्टचा भार भिंत घेत नाही." लिफ्ट उघडली तेव्हा आजींच्या शेंगा निवडून झाल्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "बरं झालं हो, घरी एवढी शांतता मिळत नाही." काकांना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मग सेक्रेटरी आले. त्यांनी सांगितलं की खिडकी बदलायला कुणाची हरकत नाही, पण खिडकी मोठी करायची म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप बदलतं, त्याला नगरपालिकेच्या ऑफिसची परवानगी लागते.

काका ऑफिसात गेले. खिडकीमागे कारकून होता. ती खिडकी काकांनी आधी डोळ्यांनीच मोजली. पट्टी सैल होती.

"सध्याच्या खिडकीचा फोटो लागेल," कारकून म्हणाला.

"सध्या खिडकी नाही. भोक आहे."

"भोकाचा फोटो चालत नाही. खिडकी मोठी करायची असेल तर आधी खिडकी पाहिजे."

"जुनी काढली."

"मग बसवा, फोटो काढा, मग परत काढा," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात जराही दुष्टपणा नव्हता. "हवं तर मोठ्या खिडकीऐवजी दरवाजा करून घ्या. त्याचा फॉर्म सोपा आहे."

जुनी खिडकी सकाळीच भंगारवाल्याकडे गेली होती. काका धावत त्याच्या वाड्यात पोचले, तर खिडकी भंगारात नव्हती. भंगारवाल्याच्या राहत्या पत्र्याच्या खोलीला ती बसलेली होती आणि आतून त्याची बायको काच पुसत होती.

"ताई, जरा ही खिडकी हवी होती," काका बाहेरून म्हणाले.

तिने कडी काढून खिडकी उघडली. "आज पहिल्यांदा भाकरी थापताना माझे हात मला दिसले," ती म्हणाली. "आणि तुम्ही खिडकी मागता?"

काकांनी आयुष्यभर लोकांना उजेड विकला होता, पण कुणी अशी कडी काढून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "ही फक्त फोटोपुरती द्या. बदल्यात तुम्हाला नवी देतो. हिच्यापेक्षा मोठी."

"किती मोठी?"

"चार इंच," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते मागाहून त्यांच्या लक्षात आलं. बाईंची खिडकी त्यांनी भंगारवालीला देऊन टाकली होती. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले, म्हणतात ते हेच. फक्त फुफाट्यात पडताना ते वचनही देऊन बसले होते.

जुनी खिडकी हातगाडीवर आडवी टाकून काका आणि मिस्त्री भर बाजारातून निघाले. पानवाला म्हणाला, "काका, आता उलटा धंदा का? नवी काढून जुनी बसवता?" काका सरळ समोर बघत चालत राहिले. पडलं तरी नाक वर ठेवावं, पण हातगाडी ढकलताना नाक वर ठेवलं तर समोरचा खड्डा दिसत नाही. पुढच्या वळणावर तोही अनुभव आला. काच वाचली, काकांचा गुडघा वाचला नाही.

संध्याकाळी जुनी खिडकी पूर्वीच्या जागी अगदी बेमालूम बसली. फोडलेल्या जागेत मिस्त्रींनी सिमेंट भरलं. ओव्हरसियर येऊन भिंतीवर बोट वाजवून गेले. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"बाबा, बाईंची खिडकी बसली?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. "बसली," ते म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"छान. मी रविवारी येतोच आहे, बघून घेतो."

काकांनी फोन ठेवला. बाईंनी चहा आणला होता. एक कप काकांना, एक मिस्त्रींना. गुडघ्याला लावायला मलम आणि चहात बुडवायला बिस्किटंही होती. इतका वेळ आपल्या घरात आपलीच जुनी खिडकी बसवून घेणारी ही बाई काही बोलत नाही, याने काकांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, खरं सांगू का," ते म्हणाले. "भिंती आकसत नाहीत."

"नाही आकसत," बाई म्हणाल्या.

"तुमचं भोक अठ्ठावन्न इंच आहे. मी त्या दिवशी स्टुलावर उभं राहून अठ्ठावन्नच म्हटलं होतं, मला आठवतंय. आणि खाली उतरून कागदावर बासष्ट लिहिलं. ते बासष्ट कुठून आलं, मला कळत नाही." काकांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं. "आमची ही असती तर गोष्ट वेगळी होती. आणि गंमत बघा, तिला आकडे अजिबात जमायचे नाहीत. मी वरून माप सांगायचो, ती खाली स्टुलावर बसून लिहायची. मी म्हणायचो अठ्ठेचाळीस, ती म्हणायची, 'बावन्न लिहू?' मी म्हणायचो, अगं अठ्ठेचाळीस म्हटलं ना. ती म्हणायची, 'बावन्न म्हणालात.' मग मी चिडून पुन्हा टेप लावायचो, तिला दाखवायला. प्रत्येक घरात तेच. गिऱ्हाइकं हसायची. एका घरात तर शेजाऱ्यांना बोलावून आणलं होतं आमचं भांडण ऐकायला. इतकी वर्षं लिहून तिला एक आकडा कधी धड सांगता आला नाही. तरी खिडकी चुकली नाही. आता मी एकटा, आकड्यांत पक्का, आणि सगळ्या चुकतात."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. त्यांनी घसा खाकरला. काकांना धडकी भरली.

"वहिनी मुद्दाम चुकीचं सांगायच्या, मालक."

"काय?"

"मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, वहिनी, तुम्ही लिहिता बरोबर आणि बोलता चूक, असं का? तर म्हणाल्या, 'तुमचे मालक एकदा घेतलेलं माप पुन्हा बघत नाहीत. राग आला की बघतात. रागात माणूस नीट मोजतो.'" मिस्त्री थांबले. एवढं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "म्हणाल्या, त्यांना सांगू नका. सांगितलं तर राग यायचा नाही."

वरच्या मजल्यावर आजी सावकाश चालत होत्या.

काका उठले आणि खिडकीशी गेले. जुन्या खिडकीची कडी त्यांनी काढली, लावली, पुन्हा काढली. मग ते पाठमोरेच म्हणाले, "नेहमी चारने पुढचा सांगायची."

बाईंनी मनातल्या मनात बेरीज केली असावी. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी अठ्ठावन्न म्हटलं आणि थांबलो," काका म्हणाले. "ती बोलेल म्हणून. इतक्या वर्षांची सवय. आणि मग लिहिला तो तिचाच आकडा."

मिस्त्रींनी काकांचा गार झालेला कप उचलला आणि आत जाऊन स्वतः चहा गरम करून आणला. बाईंनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात जाऊ दिलं, ही त्या घरातली मोठीच गोष्ट होती.

रविवारी सकाळी नवं माप घ्यायचं ठरलं. ऑफिसात काकांनी कळवून टाकलं की खिडकी पहिल्याएवढीच राहणार. कारकून जरा हिरमुसला. बदल करायचा नाही यासाठी त्याच्याकडे कुठलाच फॉर्म नव्हता.

मिस्त्रींनी जुनी खिडकी अलगद उतरवली. माप झालं की ती परत बसवायची आणि नवी तयार झाली की काढायची, असं तिचं ये-जा करणं चालू होतं. तिलाही आता त्याचं काही वाटत नसावं. काका स्टुलावर चढले. बाई कागद-पेन्सिल घेऊन खाली खुर्चीवर बसल्या, पाठ ताठ. मिस्त्री दाराशी उभे.

काकांनी टेप ताणला. "अठ्ठावन्न."

काका थांबले. आपण थांबलोय हे या वेळी त्यांना कळत होतं, तरीही ते थांबले. मिस्त्री पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मालकाला तोंडावर खोटं सांगणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, मग ते कितीही हिताचं असो. बाहेर कुठेतरी रिक्षा सुरू झाली आणि गेली.

ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचा एक चुकीचा आकडा लाल रेघ मारल्याशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता, त्या खाली कागदाकडे बघत, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "बासष्ट लिहू?"

"बासष्ट कुठलं? अठ्ठावन्न म्हटलं ना."

"बासष्ट म्हणालात."

"अहो बाई, तुम्ही गणिताच्या ना?" काकांचा आवाज चढला. कान लाल झाले. "मी इथे दुखऱ्या गुडघ्यावर उभा आहे, डोळ्यांनी बघतोय, आणि तुम्ही मला बासष्ट सांगता? थांबा, दाखवतोच." त्यांनी टेप सोडला, पुन्हा लावला, कडेला नख टेकवलं, डोळा जवळ नेला. आणि गप्प झाले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्नला एक सूत कमी," काका म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्यानेही खिडकी अडते. "बरं झालं बघितलं."

"मग एक सूत कमी लिहू?"

"लिहा."

काका स्टुलावरून उतरले. त्यांना जरा बाहेर जाऊन यायचं होतं. नाक शिंकरायला, दुसरं काही नाही. ते दार उघडून जिन्यात आले, तर वरच्या पायरीवर मुलगा बसला होता, बॅग मांडीवर घेऊन.

"इथे काय बसलास? आत यायचं की."

"आत भांडण चालू होतं," मुलगा म्हणाला. "लहानपणी तुमच्याबरोबर यायचो तेव्हा आई मला बाहेर बसवायची. म्हणायची, बाबांचं माप होऊ दे, मग ये." त्याने जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं. "मी मघाशीच आलो. तुम्ही ओरडलात आणि पायच उचलेना."

काका त्याच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघा कुरकुरला.

"खिडकी चुकली," ते म्हणाले. "फोनवर सांगितलं ते जुन्या खिडकीचं होतं. ठरल्याप्रमाणे शटर..."

"बसली का पण?"

"नाही. बसेल. आता बसेल."

मुलाने बॅग उघडली. सुनेने काकांसाठी दिलेला डबा वर होता. तो त्याने काकांच्या हातात दिला आणि बॅगेची चेन लावली. "सोमवारी दुकान किती वाजता उघडता?" त्याने विचारलं. "मी रजा टाकून आलोय. तुमचं सामान बांधायला म्हणून. आता ती मोठी खिडकी भंगारवाल्याकडे न्यायला मदत करतो. मिस्त्रीकाकांनी मला सगळं फोनवर सांगितलं."

"मिस्त्रींनी?" काका म्हणाले. "फोनवर? सगळं?"

"बराच वेळ बोलत होते."

काकांना हे झेपायला जरा वेळ लागला. तेवढ्यात आतून बाईंची हाक आली. "खिडकीवाले, उंची राहिली."

काका डबा मुलाच्या मांडीवर ठेवून आत गेले. स्टुलावर चढले. टेप वरपासून खाली सोडला, मान वाकडी करून आकडा वाचला.

"बेचाळीस."

"सत्तेचाळीस," बाई म्हणाल्या. या वेळी त्या अडखळल्या नाहीत.

काकांना राग आला. अगदी मनापासून आला. पाच कसे वाढवते ही बाई, चारने वाढवायचं असतं. दाराबाहेर पायरीवर मुलगा बसून राहिला होता, माप व्हायची वाट बघत. काकांनी टेप पुन्हा लावला.

"अहो बाई," ते म्हणाले, "बेचाळीस म्हटलं ना."